देठासकट

दिनकररावांनी वेलावरचं पांढरं फूल अलगद तोडलं, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला आणि ते शेजारच्या बंगल्याचं फाटक उघडून आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रमिलाबाई बघत होत्या. कालही असंच झालं होतं, परवाही; गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. कढईतल्या मोहरीआधी त्याच तडतडल्या.

शेजारी म्हणजे रेश्मा जगताप. नवरा चाकणच्या कंपनीत, यायचा तो रविवारी. मुलगी पुण्यात शिकायला. त्यामुळे रेश्माकडे वेळच वेळ, आणि तो सगळा तिने गच्चीवरच्या बागेत घातलेला. सावेडीतल्या त्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की त्यांना चहाआधी रेश्माची बाग दाखवायला नेत. प्रमिलाबाईंनी ती फक्त खालून पाहिली होती, कारण गुडघे दोन जिने चढू देत नव्हते. हिरव्या जाळीचा मांडव आणि कठड्यावरून डोकावणारी पानं, एवढंच दिसायचं. तेवढंही त्यांना पुष्कळ झोंबायचं.

झोंबणारच. बागेची हौस मुळात त्यांची. दुधीचं बी त्यांनी माहेरून, कोपरगावहून आणलेलं. आळं त्यांनी केलं, शेणखत त्यांनी घातलं, आंबट ताक पाण्यात कालवून त्यांनीच ओतलं. वेल कंपाउंडभर पसरला, फुलांनी भरून गेला, पण दुधी म्हणून एक धरेना. आणि आता त्याच वेलाचं फूल घेऊन नवरा तिच्याकडे चालला होता. कंगवा फिरवून!

जेवायला बसल्यावर त्यांनी सरळच विचारलं, "फूल कुणाला नेता?"

दिनकररावांचा घास हातातच राहिला. मग ते हसले. "तिच्या दुधीला."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"अगं, ऐक तरी. आपल्या वेलाला सगळी नरफुलं. म्हणून तर दुधी धरत नाही. तिच्या वेलाला मादीफुलं भरपूर, पण नर नाहीत. मग इथला नर नेऊन तिथल्या मादीवर हातानं टेकवायचा. ही फुलं उमलतात संध्याकाळी, म्हणून संध्याकाळी जायचं."

"तिला हात नाहीत?"

"मांडव उंच आहे, तिचा हात पोचत नाही. रविवारी नवरा असतो, तेव्हा तो लावतो. मी रविवारी कधी गेलोय का?"

प्रमिलाबाईंनी आठवून पाहिलं. रविवारी ते खरंच कधी गेले नव्हते. तरी मनाचं समाधान होईना. त्यांनी भावाला, मच्छिंद्रला, फोन लावला. तो कोपरगावला शेती करायचा.

"व्हय की अक्का," तो म्हणाला. "शेरात गच्चीवर माशा कुठून येनार? हातानं फूल लावलं न्हाई तर बारकं फळ पिवळं पडून गळतंय. दाजींनी सांगितलं का? लई हुशार हायेत दाजी."

दुसऱ्या दिवशी दिनकरराव येताना कोवळा, लव असलेला दुधी घेऊन आले. लांब हिरवा देठ, कापल्या जागी अजून ओलसर. "बघ, आत्ता उतरवलाय. आपल्या फुलाचा आहे, म्हणून तिनं पहिला तुला पाठवला."

प्रमिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने वाकडी नजर टाकली नाही, त्याच्यावर आपण एका भाजीवरून संशय घेतला. त्या रात्री त्यांनी दुधीची भाजी केली आणि ती त्यांना गोड लागली.

मग संध्याकाळी त्याच नवऱ्याच्या मागे लागायच्या. "अहो, टीव्ही कसला बघताय? उठा, उशीर झाला की ती खालून हाका मारेल." टवटवीत फुलं निवडून ताटलीत ठेवायच्या. एकदा पाऊस भुरभुरत होता तर छत्रीही हातात दिली. पोटात दुखायचं थांबलं नव्हतं, पण आता ते फक्त दुधीसाठी दुखत होतं. फूल आपलं आणि फळं तिच्या मांडवाला, हे काही त्यांना पचत नव्हतं. तरी दर आठवड्याला एक दुधी घरात यायचा, नेहमी तसाच, देठासकट, आणि नवरा आपला होता. बाकी सगळं तिला लखलाभ.

एकदा त्यांनी असल्याच एका दुधीचा हलवा करून वाटीभर रेश्माला फाटकात नेऊन दिला.

"तुमच्याच दुधीचा आहे हो."

"आमच्या?" रेश्माने वाटीकडे पाहिलं. "हो, हो. आमच्याच. भाऊजींच्या हाताला गुण आहे, वहिनी."

मनात संशय आणल्याची माफी मागावी असं प्रमिलाबाईंच्या ओठावर आलं होतं. पण तेवढं नमतं घेणं काही जमलं नाही.

शनिवारी दिनकररावांनी त्यांना गुडघे दाखवायला दवाखान्यात नेलं. परतताना आपल्या ऑफिसजवळच्या चौकात त्यांनी स्कूटर लावली आणि ते औषधं आणायला दुकानात गेले. प्रमिलाबाई स्कूटरला टेकून उभ्या राहिल्या. शेजारी पोतं अंथरून एक म्हातारी भाजी विकत होती. मेथी चांगली दिसत होती, म्हणून त्या वाकल्या.

म्हातारीने आधी स्कूटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि ती तोंडभर हसली.

"सायबांच्या मंडळी ना तुमी? बरं झालं आलात." तिने पोत्याखालून ओल्या फडक्यात गुंडाळलेला दुधी काढून त्यांच्या हातात ठेवला. "त्यांचा ह्या आठवड्याचा काढून ठेवलाय. देठ लांब ठेवलाय बघा, ते म्हनत्यात तसा."