गाडीची राखण

"आई, काही झालं तरी खाली उतरायचं नाही. कोणी विचारलं तर सांगा, सून आत्ता येतेय."

"माहीत आहे गं मला. जा तू," सारुझाई म्हणाली आणि मागच्या सीटवर ताठ बसली.

माईदेईने गाडीचं दार लोटलं आणि कापडाच्या दुकानाकडे पाय उचलला. हरारे शहराच्या ऐन मध्यात तासाचे पैसे भरल्याशिवाय गाडी उभी करता येत नाही. न भरणाऱ्याच्या चाकाला जॅमर बसतो. पण गाडीत माणूस असलं की जॅमरवाले हात लावत नाहीत, असं सगळं शहर म्हणत होतं. ज्याने हा नियम वाचला होता असा एकही माणूस मात्र कुणाला भेटला नव्हता. तरी कोणी भाचीला बसवून जाई, कोणी मोलकरणीला. माईदेई सासूला बसवून जायची. डोळ्यांच्या उपचारासाठी खेड्याहून आणलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या सासूला. दर शुक्रवारी.

गुडघे टेकून सासूला ताट देणारी सून असं तिचं सासरी नाव होतं. त्याच सासूला गाडीच्या राखणीला बसवणं तिच्या मनाला खात होतंच. जोहान्सबर्गला नोकरी करणाऱ्या नवऱ्याला तिने नुसतं सांगितलं होतं, "आईंना जरा शहरातून फिरवून आणते." तो फोनवर म्हणाला होता, "तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं." तेव्हापासून त्याचा फोन आला की ती विषय बदलायची.

त्या दिवशी दुकानात उशीर झाला. शाळेच्या गणवेशासाठी दुकानदाराने भलताच निळा तागा काढून ठेवला होता. तो बदलायचा, मापायचा, त्यात वीज गेलेली. माईदेई कापडाचा गठ्ठा काखेत मारून बाहेर आली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डांबर वितळवत होतं. आणि तेव्हा तिला आठवलं, किल्ली आपल्या पर्समध्ये आहे. किल्लीशिवाय गाडीच्या काचा खाली होत नाहीत. ती पळत सुटली.

गाडीपाशी नारिंगी जाकीटवाले दोघे उभे होते. एकाच्या पायाशी जॅमर पडला होता. मागचं दार सताड उघडं होतं आणि आत सारुझाई पाण्याची बाटली धरून बसली होती. तिचा झगा घामाने अंगाला चिकटला होता. ओठ सुकले होते.

"गाडी तुमची का, बाई?" जॅमरवाल्याने विचारलं.

"हो. पण दादा, आत माणूस होतं ना! माणूस असलं तर तुम्ही..."

"कुठं लिहिलंय तसं? आत माणूस असो नाहीतर बकरी असो. पैसे भरले नाहीत की जॅमर. जॅमर काढायचा दंड वेगळा. संध्याकाळपर्यंत नाही भरला तर गाडी उचलून यार्डात, आणि तिथं रोजचं भाडं चालू."

"मग लावला का नाही?"

त्याने डोकं खाजवलं. "लावायलाच वाकलो होतो हो. आतून म्हातारीने काचेवर टकटक केलं. दार उघडलं तर म्हणे, पोरा, तुझं देवक कोणतं? म्हटलं, मासा. तर म्हणते, माझंही तेच, मग मी तुझी आत्या, आधी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार कर. आता आत्याच्या गाडीला जॅमर लावून मी गावात कोणत्या तोंडाने जाऊ?"

"भाचा गुणाचा आहे," सारुझाई आतून म्हणाली. "जरा वाळलाय, एवढंच."

जॅमरवाला हसला नाही. "सावलीत बसा म्हणून किती विनवलं. खाली उतरायलाच तयार नाही. सून रागावेल, म्हणाली. बाई, गाडी सुटली तुमची. पण म्हाताऱ्या माणसाला असं वाळत घालतात का?"

रस्त्यावरचे चार लोक बघत होते. माईदेईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दंडाची पावती फाडा," ती म्हणाली.

"आता कशाला? जॅमर लावलाच नाही."

"तरी फाडा, दादा."

तो गोंधळला, पण त्याने पावती फाडली. दंड भरूनही तिला हलकं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर तिने चारही काचा खाली केल्या. आरशात सासूकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून ती समोरच बघत बोलली.

"आई, माझं चुकलं. चार पैसे वाचावेत म्हणून मी तुम्हांला उन्हात राखणीला बसवलं. पुन्हा असं होणार नाही. पुढच्या शुक्रवारपासून मी पैसे भरून गाडी लावीन. तुम्ही घरी राहा. स्वयंपाकाला बाई आहे, मुलांना शाळेची गाडी आहे, बागेला माळी आहे. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. नुसतं आरामात बसायचं."

बोलून झाल्यावर तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं. सासू आता काहीतरी गोड बोलेल, निदान माफ केलं म्हणेल, अशी तिला आशा होती. सारुझाईने तोंड खिडकीकडे वळवलं. माईदेईला वाटलं, रागावल्या. रागावणारच.

गाडी फाटकातून आत शिरली, थांबली. सारुझाई उतरली नाही. माईदेईने मागे येऊन दार उघडलं. म्हातारीचे डोळे भरले होते.

"माझं काय चुकलं, सूनबाई?" ती म्हणाली. "या शहरात मला एवढं एकच तर काम होतं."