तुळजाची डबी

बिडी सोडून मला एकवीस दिवस झाले होते. महाडच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. घरात मात्र बायको चुलीवर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि दिवसभर तोंडात बोट घालून बसायची. त्या वासानं माझा जीव कासावीस व्हायचा.

“तुळजा, टाक गो ती डबी. तुझं ते काळं थुंकणं बघून किळस येते.”

“मला काय तुमच्यासारखं व्यसन नाय. मी दात घासते.”

काल ती नदीवर गेली आणि मी डबी उघडली. तिच्या उष्ट्या बोटानं ओलसर झालेली मिश्री हिरड्यांना चोळली. मोरीत काळं थुंकून मागे वळलो, तर ती दारात उभी.

“काय करताय?”

“दात घासतोय.”

गेल्या शिमग्यापासून माझ्या तोंडात एकही दात नाही.