घरच्या कर्त्याची गोळी

बन्सीधरनं तळहात पुढं केला. गुटख्यानं रंगलेला, ओलसर. शिवकन्येनं डबीतली पांढरी गोळी वरूनच टाकली, नवऱ्याच्या हाताला आपलं बोट लागणार नाही अशी. रोज सकाळी तिला या तळहाताची किळस यायची. आज तर परभणीच्या एसटी स्टँडवर, चार लोकांसमोर हे सोपस्कार करावे लागले.

"गुडघे बग, लय हलके झालेत," गोळी गिळून तो म्हणाला. "औषध गुणाचं हाय."

"तुमच्या जुन्या गोळ्या सोडू नका तेवढं."

एचआयव्ही त्यानंच घरात आणला होता. गावी, मानवतभर मात्र 'बायकोचं दुखणं' म्हणून सांगत फिरायचा. परभणीच्या दवाखान्यात त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी निघाली, तेव्हा दारूनं लिव्हर खराब झालंय म्हणून डॉक्टरांनी त्याला नाकारलं आणि शिवकन्येला घेतलं. घरी येताच त्यानं फर्मान काढलं, "आदी घरचा कर्ता नीट झाला पायजे. तुझ्या गोळ्या मी घेणार."

सहा महिने झाले, रोज एक गोळी त्याच्या हातावर पडत होती. दर पंधरा दिवसांनी रक्त मात्र तिचं काढत होते.

"रक्तात औषध न्हाई घावलं तर घ्यायला इसरले म्हण," दवाखान्याच्या दारातच तो पचकन थुंकला. "माझं नाव काढू नकोस." आणि बाकावर पसरला.

त्या थुंकीवरून पाय उचलून ती आत गेली. या माणसाच्या उष्ट्या ताटात आपण वीस वर्षं जेवलो, असं तिच्या मनात आलं.

चाचणी बघणाऱ्या वैदेही मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यातच हा विषाणू लपून बसतो. हे औषध विषाणू लपलेल्या तेवढ्याच पेशी हुडकून मारतं, चांगल्यांना हात लावत नाही."

"जी."

"गोळ्या रोज घेतल्या?"

"रोज."

"ते दिसतंच आहे," मॅडम हसल्या. "तुमच्या रक्तात तसली एकही पेशी सापडली नाही, शिवकन्याताई. आता या गोळ्या बंद, सोबतच्या कॅल्शियमच्याही. आणखी काही हवंय?"

शिवकन्येनं पदरानं डोळे पुसले.

"कॅल्शियमच्या तेवढ्या अजून महिनाभराच्या द्या," ती म्हणाली. "मालकाला द्यायला उद्यापासून न्हाईत."