मोकळं खोड

"दोरे तेवढे काढूया, मावशी. फोटोत खोड मोकळं दिसलं पाहिजे," शैलेश कॅमेरा लावत म्हणाला. पेठेतल्या जुन्या वास्तू आणि झाडांचं कॅलेंडर निघणार होतं.

वडाखाली गजरे विकणाऱ्या मालनमावशी खुशीत उठल्या. "आमचा वड घरोघरी भिंतीवर लागणार म्हणा की!" वटपौर्णिमेचे दोरे त्यांनी गजऱ्याच्या कात्रीने स्वतःच कापले.

पुढच्या उन्हाळ्यात रस्तारुंदीसाठी वड तोडायचं ठरलं. सुनावणीत मावशी हात जोडून म्हणाल्या, "साहेब, अख्खी पेठ पूजते त्याला."

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर धरलं. "एक तरी दोरा दाखवा यात."

हरकत घ्यायला आलेला शैलेश उठला. "दोरे होते, साहेब. फोटोसाठी मी काढायला लावले."

"काढले कुणी?"

मावशींनी हळूच हात वर केला.

"स्वतःच्या हाताने कापलेत, मग आता हरकत कसली?" साहेबांनी कॅलेंडरचं पान उलटलं. पुढचा विषय पेठेतला जुना हौद बुजवण्याचा होता. त्याचाही फोटो शैलेशचाच होता, पाणी भरणाऱ्या बायकांना बाजूला व्हायला सांगून काढलेला.