सिमेंट पक्कं होईपर्यंत

टाकी काठोकाठ भरली, गाणं संपलं आणि पाण्यात कमरेइतके उभे असलेल्या पास्टर शेखर यांनी यादीतलं पहिलं नाव पुकारलं, "झुंबरबाई भगवानराव."

बाप्तिस्मा दहा जणांचा होता. नऊ जण पांढऱ्या कपड्यांत ओळीनं उभे होते. दहावी, जिचं नाव पहिलं होतं, ती पत्र्याच्या प्रार्थनाघरामागून आली ती आपल्या रोजच्या विटक्या लुगड्यात, हातात रिकामी बादली घेऊन.

"बाई, कपडे नाही बदलले?"

"मी नाही उतरत, पास्टर."

ओळीत चुळबुळ झाली. दुसऱ्या नंबरवर उभी असलेली तिची नात पूनम आ वासून पाहत राहिली. मेहकरच्या अलीकडच्या त्या खेड्यात पास्टरांना तोंडावर नाही म्हणणारं माणूस आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पास्टर वयानं लहान, बुलढाण्याहून येऊन दोनच वर्षं झालेले. पण आवाज चढू द्यायचा नाही, एवढं ते शिकून आले होते. "झुंबरबाई, प्रभूवर विश्वास आहे ना तुमचा?"

"हाव."

"मग भीती कसली? पाण्यावाचून तारण नाही. शास्त्रात स्पष्ट लिहिलंय."

"मंग माहा बुढा?"

पास्टरांची नजर टाकीच्या कडेकडे गेली. ही टाकी तिच्या नवऱ्यानं, भगवानरावांनीच बांधली होती. सारी हयात गवंडीकामात गेलेला माणूस; देवाचं काम म्हणून वीट अशी बसवली की पाहत राहावं. बाप्तिस्मा द्या, म्हणून ते पास्टरांच्या मागे लागले होते. पास्टर म्हणाले, टाकी तुमची, पहिला मान तुमचा. एकवीस दिवस सिमेंटला पाणी मारा, मग उतरू. भगवानराव सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिले आणि सतराव्या दिवशी, बादली हातात असतानाच, टाकीच्या कडेला कोसळले ते उठलेच नाहीत. उरलेले चार दिवस झुंबरबाईनं पाणी मारलं. बाप्तिस्मा न झालेल्याला प्रार्थनाघराला लागून असलेल्या मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही, म्हणून त्यांना कुंपणापलीकडे, त्यांच्याच वावराच्या कोपऱ्यात पुरलं. कुंपण तरी केवढं, तर तीन तारांचं. आणि यादीत त्यांच्या नावावर काट मारून वर तिचं नाव लिहिलं गेलं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"त्यांचं देवाच्या हाती आहे," पास्टर शेवटी म्हणाले.

"आन् माहं तुमच्या हाती?"

तिनं वधस्तंभावरच्या, बाप्तिस्म्यावाचूनच तरलेल्या चोराचा दाखला दिला असता, तर पास्टरांकडे उत्तर तयार होतं. असे दाखले देणारे बरेच शहाणे त्यांनी गार केले होते. पण झुंबरबाईला शास्त्र येत नव्हतं. चाळीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली माल कालवून तिला सिमेंट तेवढं कळत होतं.

"तुमीच म्हनले होते ना, घाई नाही, सिमेंट पक्कं होऊ द्या?"

"म्हणालो होतो."

"पान्याबिगर मानूस नरकात जाते, असं तुमाले खरंच वाटत असतं, तं तुमी त्याले सिमेंटासाठी थांबवलं असतं काय? त्याच दिवशी मेहकरची बस धरून, जिथं पानी असंल तिथं घेऊन गेले असते त्याले. डबकं भेटलं असतं तं डबक्यात बुडवलं असतं!"

पास्टर एक पाऊल मागे सरकले. त्यांच्याभोवती पाणी नुसतं डुचमळत राहिलं.

"आज मी उतरली, तं तो बाहेर राह्यला हे मीच कबूल केलं. मी नाही करत. परभूभोजनाची भाकर नका देऊ मले. जागा नका देऊ. मी त्याच्याच बाजूले निजीन. वावर आमचं हाये."

लोकांसमोर आपल्याला रडू येईल, असं तिला रात्रभर वाटत होतं. आलं नाही. आला तो राग, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

"आजी, मंग मी काय करू?" पूनमचा आवाज रडवेला झाला होता.

"तू उतर, माय. तुले मनापासून उतरायचं हाये ना? मंग उतर. मी काय पान्याशी भांडून राह्यली?"

एवढं बोलून ती वाकली, सगळ्यांदेखत बादली टाकीत बुडवून भरून घेतली आणि चालू लागली. कुणी अडवलं नाही. तारेपाशी तिनं बादली आधी पलीकडे सरकवली, मग लुगडं सावरत स्वतः खालून गेली आणि मातीच्या त्या ताज्या उंचवट्याकडे निघाली.

ते पाहून पास्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते तसेच निथळत टाकीबाहेर आले आणि कुंपणापर्यंत धावले. पाठोपाठ पांढऱ्या कपड्यांतली सगळी ओळही आली.

"झुंबरबाई, थांबा! मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देता येत नाही!"

झुंबरबाई उंचवट्याच्या उशाशी उकिडवी बसली. तिथं तिनं सीताफळाचं रोप लावलं होतं, वीतभर, उन्हानं मान टाकलेलं. तिनं बादली कलती केली आणि त्याच्या बुडाशी हळूहळू सगळं पाणी ओतलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि वळली.

"रोपाले लागते पानी, पास्टर," ती म्हणाली. "त्याले नाही."