आधी चौकट

क्षितिजाने बेघरांसाठी आखलेल्या घराचा नमुना उत्साहाने टेबलावर मांडला. मातीच्या भिंती, बांबूचं छप्पर, छपरावर दुधीचा वेल. “आणि दार नाहीच! माणूस थेट निसर्गात!” पूर्णा गावात गोदामाच्या कुंपणालगत बारा वर्षं उघड्यावर काढलेली हौसाबाई म्हणाली, “ताई, निसर्गात तर मी हायच. मला आतून कडी लावायला दार पायजे.” मग नकाशात दार आलं. हौसाबाईच्या घराच्या जोत्यावर रिवाजाप्रमाणे आधी चौकट उभी राहिली, हळदकुंकू लागलं. भिंती अजून यायच्या होत्या, पण हौसाबाईला धीर कुठला! तिने दार बसवून घेतलं, आत शिरून कडी लावली. पेढे घेऊन आलेली क्षितिजा बाजूने सरळ जोत्यावर चढली. “ओ ताई, भिंतीतून काय येता? दारानं या!” ओशाळून क्षितिजाने वळसा घातला, चप्पल काढली, कडी वाजवली. चहूबाजूंनी दिसणारी हौसाबाई पदर सावरत ओरडली, “कोण हाय?”