कर्नलसाहेबांचं सौजन्य

निवडून आला तर अँब्रोज टॉलिव्हरला रिचमंडच्या विधानसभेत बाक मिळणार होता, आणि आजवर त्याला फाटकावरूनच वाटेला लावणारे बडे अशील त्याच्या दारात घोडे बांधणार होते. पडला तर उद्यापासून पुन्हा डुकरांचे आणि कुंपणांचे खटले.

सूर्य कोर्टाच्या छपराला टेकला होता. दिवसभर माणसं शेरिफच्या टेबलापाशी येत होती, एक नाव मोठ्यानं सांगत होती, आणि ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार उठून आभार मानत होता. ज्याला जमीन नाही त्याला मत नाही. विरोधी उमेदवार कर्नल रस्टनं टॉलिव्हरच्या माणसांना एकेक करून अडवलं होतं. “जमीन कुठली रे तुझी? कागद दाखव.” कितीतरी जण मान खाली घालून परत गेले. तरी मतं बरोबरीत आली.

आता उरले दोघे उमेदवारच. सभ्य माणूस स्वतःचं नाव घेत नसे. कर्नल छाती काढून उठला आणि म्हणाला, टॉलिव्हर. लोकांनी वाहवा केली. मग टॉलिव्हरलाही कर्नलचंच नाव घ्यावं लागलं. पुन्हा बरोबरी. आणि बरोबरी झाली की कौल शेरिफचा. शेरिफ गिडियन पीक कर्नलचा सख्खा भाचा. कर्नलला या सौजन्यासाठी दमडीही मोजावी लागली नव्हती, हे आत्ता कुठे लोकांच्या डोक्यात शिरलं.

“बोल बाबा गिडियन,” कर्नल म्हणाला. “घरी रस्सा गार होतोय.”

“जरा थांबा,” टॉलिव्हर म्हणाला. “शेरिफसाहेब, जमीन कुठली तुमची? कागद दाखवा.”

गर्दी खदखदून हसली. गिडियनच्या लग्नात मामानं नदीकाठचं शेत देऊ केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून गिडियन ते कसत होता, आणि कागदाचा विषय काढला की मामा पावसापाण्यावर बोलत.

कर्नलनं मावळतीकडे पाहिलं. सूर्य बुडायच्या आत कौल मिळाला नाही तर निवडणूक नव्यानं, म्हणजे अख्ख्या गावाला पुन्हा रम पाजणं आलं. शेत भाच्याच्या नावावर करायला त्यानं कागद मागवला. दस्त लिहिणारा वकील गावात एकच. टॉलिव्हरनं रमच्या पिंपावर कागद ठेवून झरझर लिहिलं, कर्नलनं सही ठोकली, शेजारच्यांनी साक्षी केल्या. गिडियननं शाई फुंकून वाळवली, घडी सदऱ्याच्या आत घातली आणि वरून बटण लावलं.

“झालं समाधान? आता बोल.”

“बोलतो, मामा. आज पहिल्यांदाच स्वतःच्या जमिनीच्या जोरावर बोलतोय.” गिडियननं घसा खाकरला. “टॉलिव्हर.”

टोप्या छपरापर्यंत उडाल्या. टॉलिव्हर उठला आणि रीतीप्रमाणे वाकून त्यानं आभार मानले.

विधानसभेतला बाक टॉलिव्हरला गेला, शेत गिडियनला. दोन्ही कर्नलच्या खर्चानं. शिवाय दस्ताची फी, ती टॉलिव्हरनं तिथल्या तिथे मागून घेतली.